मुंगीचं कॉकपिट

भाचीचा फोन आला तेव्हा कवळीकाका चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवत होते. स्क्रू जिऱ्याच्या दाण्याएवढा आणि हाताला कंप असा, की चौथ्या खेपेला तो खाली पडला तो पडलाच. काका गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"मामा, आईच्या माळ्यावर तुमचं एक खोकं निघालंय. विमानाचं. ठेवू की टाकू?"

काकांनी स्क्रू शोधायचं सोडलं. मग म्हणाले, "टाकू नकोस गं. येतो मी."

कवळीकाका हे नाव गल्लीनं ठेवलेलं. अडतीस वर्षं त्यांनी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवल्या. अर्ध्या शहराच्या तोंडात माझं काम आहे, असं ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे आणि लोक हसायचे. हात थरथरायला लागला आणि ते घरी बसले, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. धाकटी बहीण जाऊन आठ महिने झाले होते. तिचं घर आवरायचं काम भाचीच्या गळ्यात पडलं होतं.

बहिणीच्या घरी भाचीनं खोकं त्यांच्यासमोर ठेवलं. त्यावरचं चित्र उडालं होतं, पण ते त्यांनी लगेच ओळखलं. वैमानिकांना शिकवण्यासाठी वापरतात ते दोन आसनांचं विमान. एकामागे एक दोन सीट्स आणि दोन्हींवर मिळून एकच लांबट काचेचं झाकण. त्याची ही अठ्ठेचाळीस पट लहान प्रतिकृती, प्लास्टिकच्या तुकड्यांतून जोडायची. एकेचाळीस वर्षांपूर्वी भावाबहिणीनं ते सुरू केलं होतं आणि तसंच टाकून दिलं होतं.

"आईनं मुद्दाम जपून ठेवलं होतं," भाची म्हणाली. "आत चिठ्ठी पण आहे. मी वाचली, रागावू नका."

चिठ्ठीत एकच ओळ होती. अक्षर बहिणीचं, मोहरीएवढं. *दादा, उरलेलं तूच कर.*

"कधी लिहिली ही?"

"काय माहीत. तुम्ही दोघं करायचात ना विमानं? आई कधी बोलली नाही त्याबद्दल."

"करायचो. म्हणजे... ती बसायची शेजारी," काका म्हणाले आणि खोकं काखेत मारून निघाले.

ती नुसती शेजारी बसत नसे, हे काकांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. घरात तिला मुंगी म्हणायचे. दिसायला बारकी आणि हाताला चैन नाही. पंख जोडणं, सांधे घासणं, बाहेरचा रंग देणं हे दादाचं काम आणि कॉकपिट मुंगीचं. ती तीन केसांचा ब्रश घेऊन बसायची, दातदुखीसाठी गालात कायम एक लवंग धरलेली. रंग बदलताना ब्रश टर्पेंटाइनच्या बाटलीत बुडवायचा आणि काठावर दोनदा वाजवायचा, टिक टिक. सबंध दुपार घरात तेवढाच आवाज. ती वैमानिकासमोरच्या फलकावर टाचणीच्या डोक्याएवढ्या तबकड्या रंगवायची, त्यांत काटे काढायची, पट्ट्यांना बकल करायची. मग काच चिकटली की त्यातलं निम्मं दिसेनासं व्हायचं. दादा म्हणायचा, कशाला मरतेस एवढी, कोण बघणार आहे? मुंगी म्हणायची, आत बसणारा बघेल ना.

दादा एकवीस वर्षांचा असताना त्यांचं एक विमान शहराच्या स्पर्धेत गेलं. परीक्षक वाकून वाकून बघत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "हे आतलं काम कोणी केलं?"

मुंगी टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभी होती. नखांत रंग तसाच होता. ती आता सांगेल म्हणून दादा थांबला असता तरी चाललं असतं. पण तो थांबला नाही. तो म्हणाला, "मीच."

मुंगीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं फक्त टेबलावरचा हात उचलला आणि पाठीमागे लपवला. भावाचं खोटं कुणाला तिच्या नखांत दिसू नये म्हणून.

पहिलं बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रात फोटो आला. तो फोटो पाहून दातांच्या प्रयोगशाळेचा मालक घरी आला. एवढं बारीक काम करणारा हात मला हवा, म्हणाला. म्हणजे काकांची नोकरी, संसार, अर्ध्या शहराच्या तोंडातलं ते काम, सगळं एका 'मीच'वर उभं होतं. मुंगीनं त्यानंतर ब्रश हातात धरला नाही. लग्न झालं, मूल झालं, येणंजाणं राहिलं, हसणंखिदळणंही राहिलं. त्या दिवसाचा विषय तेवढा दोघांनी कधी काढला नाही. काकांनाही त्यानंतर मॉडेल करवेना. वेळ मिळत नाही, असं ते लोकांना सांगत.

खोकं घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "लोकांना दात लावून झाले, आता पंख लावणार वाटतं."

मागच्या खोलीत टेबल मांडलं गेलं. काकांना वाटलं होतं, हात सगळं विसरले असतील. पण तुकडे फ्रेममधून कापताना, कडा घासताना बोटं आपोआप चालू लागली. बाहेरचं सगळं निम्मं झालेलं होतं. कॉकपिट मात्र कोरं होतं. करड्या प्लास्टिकच्या दोन सीट्स, दोन उघडे फलक. किटमध्ये वैमानिकांचे दोन पुतळे असतात, ते काही खोक्यात सापडले नाहीत. काकांनी खोकं उलटं करून झटकलं. नाहीतर नाही, म्हणाले. सीट्स रिकाम्या ठेवू. लहानपणी मुंगीनं त्या वाटूनही टाकल्या होत्या. पुढे तू, मागे मी. तू चालव, मी मागून बघते.

पहिल्या दुपारी त्यांनी तबकडी रंगवायला घेतली. पांढरा ठिपका द्यायचा होता, तो फलकभर पसरला. पुसला, पुन्हा दिला, पुन्हा पसरला. अखेर ब्रश बाटलीत टाकून ते बाहेरच्या खोलीत जाऊन आडवे झाले. कवळ्या करणाऱ्या माणसाला एक ठिपका देता येऊ नये, याची त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

डोळा लागतोय तोच आवाज आला.

टिक टिक.

काकांनी डोळे उघडले. काकू शेजारी घोरत होत्या. खिडकीबाहेर उन्हं होती, कुणाच्या तरी घरात नळ गळत असेल. त्यांनी कूस बदलली. पुन्हा आवाज, काचेवर लाकडाचा, हलका, दोनदा.

ते उठून मागच्या खोलीत गेले. खोलीत कुणी नव्हतं. बाटलीत ब्रश तिरपा उभा होता आणि फलकावर तीन तबकड्या रंगवलेल्या होत्या. काकांनी भिंग लावून पाहिलं. प्रत्येकीत काटा होता. काट्याला टोक होतं. आणि टर्पेंटाइनच्या वासाखालून आणखी एक वास येत होता... लवंगेचा.

काकांनी भिंग खाली ठेवलं. ते दार ओढून घेऊन बाहेर आले आणि संध्याकाळपर्यंत पुढच्या खोलीत बसून राहिले. काकूंनी विचारलं, काय झालं? काही नाही, म्हणाले.

दुसरा कुणी असता तर त्यानं खोकं त्याच दिवशी परत नेऊन ठेवलं असतं. किंवा निदान त्या रिकाम्या खोलीत उभं राहून म्हटलं असतं, मुंगे, चुकलं माझं. काकांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी काय केलं, ते सांगायलाही ओशाळवाणं वाटतं. दुसऱ्या दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी रंगांच्या बाटल्यांची बुचं काढून ठेवली, ब्रश धुऊन कागदावर मांडला, दुसरा फलक उजेडात सरकवला, आणि दार लोटून झोपायला गेले.

दीड तासानं फलक तयार होता.

मग तसाच नेम पडला. दुपारी टिक टिक सुरू व्हायची, काका छताकडे बघत पडून राहायचे, आवाज थांबला की उठून जायचे. भीती वाटायची, नाही असं नाही. पण ती रोज थोडी कमी होत गेली आणि तिच्या जागी हावरेपणा आला. सीटचे पट्टे झाले. बकलं झाली. सीटच्या कडेला रंग उडाल्यासारखा दिसावा म्हणून चंदेरी रेघ आली. त्यांनी तिला हाक मात्र एकदाही मारली नाही. हाक मारली असती तर पुढचंही बोलावं लागलं असतं.

काकूंनी एकदा डोकावून पाहिलं. "अहो, तुमच्या हातून साधा चहा सांडतो. हे कसं जमतं?"

"सवय," काका म्हणाले.

काकूंनी ते कौतुकानं चार लोकांना सांगितलं. विमानांची मॉडेलं करणाऱ्या प्रतिकृती मंडळाचं स्पर्धा-प्रदर्शन त्या रविवारी होतं, तिथल्या कुणाच्या तरी कानावर गेलं, फॉर्म घरी आला. फॉर्मवर एक रकाना होता, सहकारी. काकांनी पेन थोडा वेळ त्यावर धरून ठेवलं. मग एक आडवी रेघ मारली.

विमान शनिवारी पाचपर्यंत हॉलवर पोचवायचं होतं. काच तेवढी लावायची राहिली होती, आणि त्या दुपारी टिक टिक थांबायचं नाव घेईना. तीन वाजले, साडेतीन वाजले. काका दाराबाहेर उभे होते. आतून लवंगेचा वास इतका दाट येत होता, की डोळ्यांत पाणी आलं. चार वाजता त्यांनी दार ढकललं.

आवाज बंद झाला. बाटलीतल्या ब्रशची दांडी मात्र अजून हलत होती. त्यांनी न उघडलेली एक बाटली उघडी होती. कातडीच्या रंगाची. कागदावर त्या रंगाचा एक ओला ठिपका होता. काम संपलेलं नाही, एवढं काकांना कळलं. थांबायला हवं, हेही कळलं. पण घड्याळ चाललं होतं.

काच लावण्याआधी आतली धूळ काढावी लागते. मुंगी त्यासाठी दाबून हवा सोडायचा रबरी फुगा वापरायची. तोंडानं फुंकायचं नाही, हा तिचा दंडक. तोंडाचा ओलावा आत राहतो आणि मग काढता येत नाही, कारण काच एकदा चिकटली की ती तोडल्याशिवाय निघत नाही. काकांनी फुगा शोधला. सापडेना. त्यांनी वाकून तोंडानंच फुंकर मारली, आत नीट पाहिलंही नाही, आणि काच दाबून बसवली.

"आता पुरे," ते म्हणाले.

बहीण गेल्यानंतर तिच्याशी ते बोललेले हे पहिले शब्द.

रविवारी हॉलमध्ये गर्दी होती. परीक्षक एक तरुण बाई होती. तिच्या हातात छोटी बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा बारका आरसा. आरसा बघून काकांना हसू आलं, जरा धीरही आला. काल संध्याकाळपासून त्यांना दम लागल्यासारखं होत होतं.

बाईंनी काचेवर उजेड टाकला आणि आरसा फिरवून फिरवून आत पाहिलं. मग सरळ उभ्या राहून त्यांनी विचारलं, "हे आतलं काम कोणी केलं?"

शब्द तेच. एकही इकडचा तिकडे नाही. शेजारच्या टेबलाच्या कडेवर कुणाचा तरी हात होता, काकांनी तिकडे पाहिलं नाही. एकेचाळीस वर्षं या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांनी मनात घोकलं होतं. न्हाताना, चालताना, कवळ्या घासताना. ते अगदी जिभेवर होतं.

"मीच," काका म्हणाले.

काचेच्या आतून वाफ चढली.

"अरेरे," बाई म्हणाल्या. "तोंडानं फुंकर मारलीत का? बघा, ओलावा आत राहिला. एवढं काम करणारा माणूस ही चूक करत नाही हो." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. वाफ विरली, पुन्हा आली, पुन्हा विरली. "आणि मागच्या सीटवरचा पुतळा सुरेख आहे. फक्त एक कळलं नाही..."

"पुतळा?"

"बाईचा आहे ना? तिचा हात असा पाठीमागे का लपवलाय?"

काकांनी विमान स्वतःकडे ओढून घेतलं. बाईंना वाटलं, म्हातारा वाफेमुळे हिरमुसला. त्यांनी पाठीवर थोपटलं आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. काकांच्या नावाचं कार्ड मिळालं. टाळ्या वाजल्या तेव्हा ते मान खाली घालून उभे होते, आणि लोकांना तो नम्रपणा वाटला.

ते घरी गेले नाहीत. विमान पेटीत घेऊन थेट भाचीकडे गेले. संध्याकाळ होत होती. भाची शाळेत चित्रकला शिकवते. ती स्वयंपाकघराच्या टेबलावर मुलांची चित्रं तपासत होती. तिनं चित्रं बाजूला सारली, विमान मधोमध ठेवलं आणि बघतच राहिली.

"मामा, हे तुम्ही केलंत?"

आता तरी. समोर मुंगीची मुलगी, तिचंच नाक, तिचीच बोटं. परीक्षक नाही, गर्दी नाही, फोटो नाही. काकांनी धाप आवरली.

"तुला एक सांगायचंय. पूर्वी जे आम्ही करायचो ना... त्यात तुझ्या आईनं पण... थोडीफार मदत केली होती."

बोलून झालं आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. थोडीफार. एकेचाळीस वर्षांनी, ती नसताना, तिच्या लेकीसमोर आणि तेही एवढंच. कुणीतरी तोंडात मारल्यासारखे त्यांचे कान तापले.

"हो?" भाची खूश झाली. "आई कधी बोलली नाही ते." तिनं मोबाईलचा दिवा लावला आणि काचेला डोळा लावला. "मस्तच आहे हो. मागची सीट रिकामी ठेवलीत ते पण छान..."

"रिकामी?"

"हो. मागे कुणी नाही. पुढच्या सीटवर आहे ना पुतळा." ती जरा थांबली. तिचा आवाज खाली आला. "मामा... याला चष्मा आहे."

काकांचा हात स्वतःच्या चष्म्याकडे गेला.

"टक्कल आहे. आणि... चष्म्याची एक दांडी नाहीये." तिनं मान वर करून मामाकडे पाहिलं. काकांच्या चष्म्याला एका बाजूनं दांडीऐवजी दोरा बांधलेला होता. पडलेला स्क्रू काही सापडला नव्हता. "दोन्ही हात काचेवर ठेवलेत यानं. आतून. असं का केलंत?"

तेव्हा कवळीकाकांना सगळं सांगायचं होतं. अगदी खरं खरं. तुझ्या आईनं मदत नाही केली गं, सगळं तिनंच केलं, माझं काहीच नव्हतं, नोकरीसुद्धा तिच्या हाताची, मी चोर आहे. त्यांनी एकेक शब्द नीट उच्चारला. ओठ हलले, जीभ हलली, मानेच्या शिरा ताणल्या.

स्वयंपाकघरात काही ऐकू आलं नाही. टेबलावरच्या विमानाची काच तेवढी आतून वाफेनं भरली.

"काय म्हणालात, मामा?" भाची म्हणाली. "पुन्हा बोला. ऐकू नाही आलं."

काका पुन्हा बोलले. वाफ आणखी दाटली. मग तिच्यात आतून एक बारकीशी रेघ पुसली गेली, बोटानं पुसतात तशी.

डॉक्टरांनी घसा तपासला, छाती तपासली. दोष काही निघाला नाही. मामांचा आवाज कुठे अडकलाय ते भाचीला डॉक्टरांच्या आधी उमगलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी ती चित्रकलेची धारदार सुरी घेऊन आली आणि काच कापायला बसली. काकांनी तिचं मनगट धरलं. काच तोडली तर आतलं तुटणार होतं. तबकड्या, काटे, बकलं, ती चंदेरी रेघ, सगळं. त्यांनी मान हलवली, नको. मग कागद ओढून त्यावर सगळी हकीकत लिहून काढली. लिहायला दोन तास लागले. अक्षर थरथरत होतं, पण थोडीफार हा शब्द त्यात कुठे नव्हता. शेवटी त्यांनी उत्तेजनार्थचं कार्ड घेतलं, आपलं नाव खोडलं आणि बहिणीचं पूर्ण नाव लिहिलं.

काकांचा आवाज त्यानंतरही परत आला नाही.

विमान आता भाचीकडे असतं, फडताळात, त्या कार्डासह. दुपारी काचेवर वाफ येते. गेल्या आठवड्यात तिनं ते शाळेला जाताना तपासलं आणि काकांना फोन केला. काका फोनवर बोलत नाहीत, ऐकतात.

"मामा, एक विचारायचं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मागच्या सीटवर काल कुणी नव्हतं. आज तिथं कातडीच्या रंगाचा एक ठिपका दिसतोय. ओला आहे... काच तर चिकटलेली आहे, आत रंग गेला कसा?"

काकांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. भाचीच्या श्वासामागून, तिच्या घरातून, काचेवर लाकूड वाजल्याचा हलका आवाज आला. दोनदा.